देणगीदाराचं नाव कोनशिलेवर, ठेवीदारांची नावं आरोपपत्रात

पत्र (थोडक्यात) : मी एका धार्मिक संस्थेचा खजिनदार आहे. आम्ही सात विश्वस्त आहोत. सभागृह बांधायचं कधीपासून घाटतंय, पण पैसे जमत नाहीत. आता एक गृहस्थ सगळा खर्च उचलायला तयार आहेत. रक्कम आमच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाइतकी आहे आणि अट एकच : सभागृहाला त्यांच्या वडिलांचं नाव द्यायचं. अडचण अशी की या गृहस्थांच्या ठेव योजनेत शेकडो लोकांचे पैसे बुडालेत. आरोपपत्र दाखल झालंय, निकाल लागलेला नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या छपराचा खर्चही त्यांनीच दिला होता. तेव्हा यातलं काहीच बाहेर आलं नव्हतं. अध्यक्ष म्हणतात, ‘देवाच्या दारी आलेल्याला हाकलणारे आपण कोण?’ दुसरे म्हणतात, ‘पैशाला रंग नसतो. दानपेटीत कोण काय टाकतं ते विचारतो का आपण?’ तिसऱ्यांचं म्हणणं, ‘दोषी ठरेपर्यंत माणूस निर्दोष.’ पहिल्या हप्त्याचा धनादेश माझ्याकडे आलाय आणि पावतीवर सही माझी लागणार. काय करू? बहुमतानं घ्यायचं ठरलं तर राजीनामा देऊ का? – एक खजिनदार

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

धनादेश बँकेत भरू नका आणि पावती फाडू नका. बाकी सगळं नंतर. पावती गेली की ती रक्कम संस्थेची होते, तीही एका ठरावीक कामासाठी दिलेली. मग ती परत द्यायची म्हटलं तर संस्थेचा पैसा बाहेर का काढला याचा जबाब विश्वस्तांना द्यावा लागतो. आज ‘घेत नाही’ एवढं म्हणून भागतं. महिन्याभरानं ठराव, लेखापरीक्षक, वकील असं सगळं मागे लागेल. पोच द्यायचीच असेल तर एका ओळीची द्या : ‘अमुक क्रमांकाचा धनादेश मिळाला. स्वीकारण्याबाबत निर्णय झालेला नाही.’ त्यात आभार मानू नका. आभाराचं पत्र पुढे स्वीकृतीचा पुरावा म्हणून काढून दाखवलं जातं.

धनादेशाऐवजी रक्कम थेट खात्यात येऊन पडली असती, तर ती उत्पन्नात न धरता उचंत खात्यात (निर्णय न झालेल्या रकमा तात्पुरत्या नोंदवण्याचं खातं), ‘देणगीदारास देय’ अशी दाखवायची. त्यातून खर्च करायचा नाही, ती मुदत ठेवीत गुंतवायची नाही आणि सभेत तिची घोषणाही करायची नाही. खटला संपेपर्यंत आपल्याकडे सांभाळून ठेवू, हा मधला मार्ग कुणीतरी नक्की सुचवेल. तो घेऊ नका. त्यानं तुम्ही वादग्रस्त पैशाचे राखणदार होता, आणि जप्तीची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तुमच्या मंडळात ‘पैसा शुद्ध की अशुद्ध’ यावर चर्चा चाललेली दिसते. या प्रश्नाला तळ नाही. कुठल्याही देणगीमागे पुरेसं खोल गेलं की काहीतरी मळ सापडतोच. विचारायचे प्रश्न दोन आहेत. हा पैसा खरोखर देणाऱ्याचा आहे का? आणि देताना तो तुमच्याकडून काय विकत घेतोय?

पहिला प्रश्न नवा नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं वाईट मार्गानं आलेल्या धनाचे प्रकार पाडले. चोरी, लुबाडणूक, सावकारी व्याज यातून आलेलं धन ज्याच्याकडून घेतलं त्याचं देणं असतं. ते त्यालाच परत करायचं, त्यातून दानधर्म होऊ शकत नाही. लाज वाटावी अशा धंद्यातून आलेलं, पण कुणाकडून हिसकावून न घेतलेलं धन कमावणाऱ्याचं असतं. त्यातून तो दान करू शकतो. इस्लामी फिक्हमध्येही (धर्मशास्त्रावर आधारलेल्या कायद्यात) अवैध मार्गानं आलेल्या दुसऱ्याच्या मालाचा पहिला नियम तो मालकाला परत करण्याचाच आहे. मालक किंवा त्याचे वारस सापडतच नसतील तर तो गरजूंना द्यायचा, पण स्वतःच्या पुण्याची अपेक्षा न ठेवता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात निंद्य कर्मानं मिळवलेल्या धनाच्या प्रायश्चित्तात जप-तप आहे, पण त्या धनाचा त्याग त्यातून सुटलेला नाही.

सगळ्यात उपयोगी वाटतो तो ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथातला एक निवाडा (त्यातल्या ‘बावा कम्मा’ या भागातला). मेंढपाळ, करवसुली करणारे अशा लोकांनी इतक्यांना थोडंथोडं लुबाडलेलं असतं की कुणाकुणाचं देणं आहे हे त्यांनाच आठवत नाही. त्यांनी काय करावं? ज्यांना ओळखतात त्यांचं परत करावं आणि उरलेल्यातून सार्वजनिक सोयी कराव्यात. उदाहरण दिलंय ते विहिरी आणि टाक्यांचं. पाणी सगळ्यांनाच लागतं, म्हणून लुबाडला गेलेलाही ते पिण्याची शक्यता असते. म्हणजे सार्वजनिक कामाची वाट आहे, पण ती मालक माहीत नसतानाची. तुमच्या प्रकरणात मालक माहीत आहेत. त्यांची नावं आणि रकमा आरोपपत्राला जोडलेल्या यादीत असतील.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : ही देणगी घेऊ नका. ते गृहस्थ म्हणतील की हा पैसा ठेवींचा नाही, माझ्या दुसऱ्या धंद्यातला आहे. तसं असूही शकेल. तरी शेकडो लोकांचं देणं डोक्यावर असताना कुठल्याही खिशातून काढलेला रुपया आधी त्यांचाच. आधी देणं, मग दान.

हे केवळ नीतीचं बोलणं नाही. थायलंडमधल्या धम्मकाय या मोठ्या विहाराला एका पतसंस्थेच्या माजी अध्यक्षानं धनादेशांनी प्रचंड देणग्या दिल्या होत्या. तो पैसा ठेवीदारांचा असल्याचं उघड झाल्यावर पतसंस्थेनं दावा लावला, आणि २०१५ मध्ये विहाराच्या अनुयायांनी ६८.४ कोटी बाट भरून द्यायचं कबूल केलं. तिथंच ते संपलं नाही. चोरीचा माल घेतल्याच्या आणि मनी लाँडरिंगच्या आरोपांवरून प्रमुख भिक्खूंवर वॉरंट निघालं आणि २०१७ च्या सुरुवातीला पोलिसांनी साधारण तीन आठवडे विहाराला वेढा घातला. सगळ्यांसमोर, समारंभपूर्वक दिलेली देणगी होती, हा बचाव तिथं पुरला नाही.

तुम्ही महाराष्ट्रात असाल तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात, वकिलाकडून नीट समजून घ्या. ठेवी परत करायला वित्तसंस्थेची मालमत्ता अपुरी पडली आणि तिनं काही मालमत्ता सद्हेतूशिवाय किंवा मोबदला न घेता दुसऱ्याकडे वळवली असं न्यायालयाला वाटलं, तर ज्याला ती मिळाली त्याला नोटीस काढून तेवढ्या किमतीची त्याची मालमत्ता जप्त करता येते. देणगीत मोबदला नसतोच. शिवाय २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली गुन्ह्यातून आलेली मालमत्ता ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून तात्पुरती जप्त होऊ शकते, मग तो स्वतः आरोपी असो वा नसो. अर्धवट उभं राहिलेलं सभागृह, कंत्राटदाराची थकलेली बिलं आणि गोठलेलं खातं हे चित्र तुमच्या अध्यक्षांसमोर मांडा. नीतीपेक्षा ते लवकर पटतं, असा अनुभव आहे.

दिवाळखोरीच्या बाबतीत अमेरिकेनं १९९८ मध्ये धार्मिक देणग्यांना खास संरक्षण दिलं : देणगीदाराच्या त्या वर्षीच्या ढोबळ उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंतची देणगी केवळ मोबदला मिळाला नाही म्हणून परत मागता येत नाही. पण ज्यांचं देणं आहे त्यांना फसवण्याच्याच हेतूनं दिलेल्या रकमेला हे कवच नाही. म्हणजे धर्मसंस्थांवर इतकी मेहेरनजर असलेल्या कायद्यानंही ही जागा मोकळीच सोडली.

आता सहकाऱ्यांची तीन वाक्यं. ‘दोषी ठरेपर्यंत निर्दोष’ हे शिक्षा देणाऱ्यासाठीचं तत्त्व आहे. तुम्ही कुणाला शिक्षा देत नाही आहात, दुसऱ्याच्या वतीनं मालमत्ता सांभाळता आहात. तिथं कसोटी जपून वागणाऱ्या सुज्ञ माणसाची. मात्र या तत्त्वाचा एक भाग पाळायलाच हवा : तुमच्या कागदावर कुठंही ‘फसवणुकीचा पैसा’ असे शब्द येता कामा नयेत.

‘पैशाला रंग नसतो’ हे बहुधा रंग दिसल्यावरच म्हटलं जातं. दानपेटीशी तुलनाही चुकीची आहे. पेटीत टाकणारा नाव मागत नाही, अट घालत नाही, आणि तो कोण हे तुम्हाला कळत नाही. जबाबदारी माहितीबरोबर येते, तीच इथं आलेली आहे.

अध्यक्षांचं वाक्य मात्र वजनदार आहे, त्याची टिंगल करू नका. माणसाला दार बंद करायचं नाही हे त्यांचं म्हणणं योग्यच. पण उपासनेचं दार आणि देणगीची खिडकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांत, यासाठी अख्खी पद्धत आहे : संघाला अपाय करणाऱ्या उपासकासाठी भिक्षापात्र पालथं करायचं, म्हणजे त्याचं दान घ्यायचं थांबवायचं. ते एकट्या भिक्खूनं रागावून करायचं नसतं, संघानं विधिवत ठरवून करायचं असतं. आणि चूक कबूल करून क्षमा मागितली की पात्र पुन्हा सरळ होतं. म्यानमारमध्ये २००७ साली भिक्खूंनी लष्करी सत्ताधाऱ्यांविरुद्ध हेच केलं होतं. तिथं प्रश्न पैसा कुठून आला हा नव्हता. तरी दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. नकार सगळ्या मंडळाचा असावा आणि परतीची वाट त्यातच सांगितलेली असावी.

हे सांगतानाच एक उलट गोष्टही सांगायला हवी, कारण उद्या तुमच्या मंडळाला सोवळेपणाचा झटका यायचा. धर्मसंस्थांची नाकं बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला मुरडतात. दारू विकणारा, तमाशातली बाई, वेश्याव्यवसायातली स्त्री यांच्या शंभर रुपयांवर चर्चा होते आणि पगार बुडवणाऱ्या कारखानदाराला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. वैशालीच्या गणिका आम्रपालीचं भोजन बुद्धांनी स्वीकारलं, तिची आमराई संघासाठी घेतली. तो पैसा तिचा होता. उलट २ मार्च २०१६ च्या जाहीर सभेत पोप फ्रान्सिस यांनी, राबवून घेतलेल्या, कमी पैसे दिलेल्या लोकांच्या रक्तातून आलेलं दान घेऊन येणाऱ्यांना उद्देशून सांगितलं की तुमचा धनादेश परत न्या आणि जाळून टाका. पैसा कुणाच्या हक्काचा यावरून ठरवलं की ही दोन्ही टोकं एकाच नियमात बसतात. व्यवसायाच्या प्रतिष्ठेवरून ठरवायला गेलात तर गरीब पापी बाहेर आणि श्रीमंत आत, एवढंच होतं.

कायदेशीर पण तुमच्या शिकवणीविरुद्ध जाणारा धंदा असेल, म्हणजे व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेला दारूच्या कारखान्याची देणगी, तर दुसरा प्रश्न पुढे येतो : काय विकत घेतलं जातंय? याची सोपी चाचणी म्हणजे देणगीदाराला विचारा, ‘नाव, फोटो, सत्कार, बातमी यातलं काहीही नसेल तरी द्याल का?’ हो म्हणाला तर बहुतेक वेळा घेता येते. रक्कम कमी झाली तर जेवढी कमी झाली तेवढी नावाची किंमत होती. मात्र ही चाचणी तुमच्या आजच्या प्रकरणाला लावू नका. दुसऱ्याचा पैसा गुपचूप घेणं नाव लावून घेण्यापेक्षा वाईटच, कारण मालकाला त्याचा मागही लागत नाही.

आता कामाचं. सभेआधी देणगीदाराला लेखी प्रश्न पाठवा, म्हणजे निर्णय ऐकीव गोष्टींवर घेतला असं कुणी म्हणणार नाही. रक्कम कोणाच्या खात्यातून येणार : त्यांच्या, कंपनीच्या की नातेवाइकाच्या? ती कोणत्या उत्पन्नातून आली, त्या वर्षाचं विवरणपत्र आहे का? कोणत्या न्यायालयात, कोणत्या क्रमांकाचं प्रकरण चालू आहे? मालमत्ता विकण्यावर किंवा हस्तांतरित करण्यावर मनाई हुकूम आहे का? उत्तराला पंधरा दिवस द्या. त्याच वेळी देणगीदाराशी नातं किंवा व्यवहार नसलेल्या दोन विश्वस्तांनी न्यायालयाच्या संकेतस्थळावरची प्रकरणाची स्थिती, कंपनी नोंदणीतली माहिती आणि जप्ती-लिलावाच्या जाहीर नोटिसा पाहून एक पानाचं टिपण करावं. कुठल्या तारखेला काय पाहिलं हे त्यावर लिहावं. खासगी हेरगिरी, शेजाऱ्यांकडे चौकशी असले उद्योग नकोत. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

सभेत विषय घेताना आधी विचारा की कुणाचं नातं, भागीदारी, कर्ज किंवा स्वतःची ठेव या गृहस्थांकडे आहे का. असल्यास त्या विश्वस्तानं चर्चेच्या वेळी बाहेर बसावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. कंत्राटदाराचा नातेवाईक मंडळात असेल तर तोही यातच आला, हे लोक विसरतात. ठरावात कारणं लिहा. नाकारणं हाही संस्थेच्या मालमत्तेबद्दलचा निर्णय आहे, त्याचाही हिशेब द्यावा लागतो. इंग्लंड-वेल्समधल्या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनची भूमिकाही अशीच आहे : सुरुवात देणगी स्वीकारण्याच्या बाजूनं करायची, आणि नाकारायची तर विश्वस्तांची वैयक्तिक नापसंती हे कारण पुरत नाही, संस्थेचं हित दाखवावं लागतं. तुमच्याकडे कारणं भरपूर आहेत : परत मागणीचा धोका, काम अर्धवट राहण्याचा धोका, ठेवीदारांचा आधीचा हक्क, आणि त्या ठेवीदारांत तुमचेच भाविक असण्याची शक्यता.

पत्राचा मजकूर असा ठेवा :

‘आपण देऊ केलेल्या देणगीचा विश्वस्त मंडळाने अमुक तारखेच्या सभेत विचार केला. आपल्याशी संबंधित प्रलंबित प्रकरणाचा अंतिम निर्णय होऊन ठेवीदारांच्या देण्यांचा निपटारा होईपर्यंत ही देणगी स्वीकारणे मंडळास शक्य नाही. धनादेश क्रमांक अमुक सोबत परत पाठवत आहोत. या निर्णयातून प्रकरणातील आरोपांविषयी कोणतेही मत व्यक्त होत नाही. संस्थेच्या उपासनेत आपला सहभाग पूर्वीप्रमाणेच राहील.’

एवढंच. अध्यक्ष आणि चिटणीस दोघांच्या सह्या, धनादेशाची छायाप्रत फाइलला, पत्र पोच घेऊन. ‘आम्ही संशयास्पद पैसा नाकारला’ अशी बातमी किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवू नका. त्यात बदनामीच्या दाव्याचा धोका आहेच, शिवाय दुसऱ्याच्या बदनामीवर स्वतःचं नाव मोठं करणं हा तोच व्यवहार उलटा करून केल्यासारखं आहे.

रक्कम खात्यात आली असेल आणि परत करायची असेल तर ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जाते. ‘माझ्या भावाच्या खात्यात टाका’, ‘रोख द्या’, ‘थोडी ठेवून घ्या, बाकी त्या दुसऱ्या संस्थेला द्या’ यातलं काही ऐकू नका. एका खात्यातून येऊन दुसऱ्या खात्यात गेलेला पैसा धुऊन निघतो आणि धुलाई तुमच्या नावावर पडते. आणि पैसा गुन्ह्यातलाच आहे असं मानायला ठोस कारण असेल तर तो परस्पर परत करण्याआधी वकिलाला विचारा. अशा वेळी परत करणं म्हणजे तो लपवायला मदत करणं ठरू शकतं.

नकारानंतर खरी परीक्षा सुरू होते. देणगी दुसऱ्या वाटेनं येते : पत्नीच्या नावानं, दहा ओळखीच्यांच्या नावानं छोट्या रकमांत, थेट कंत्राटदाराचं बिल चुकवून, किंवा सिमेंट-सळईचा ट्रक दारात उभा करून. वस्तुरूप देणगीत मंडळ सर्वांत जास्त गाफील असतं, कारण ती पावतीपुस्तकात येत नाही. कंत्राटदाराला लेखी कळवा की संस्थेशिवाय कुणाकडूनही या कामाचे पैसे किंवा माल घ्यायचा नाही. दानपेटीत अचानक एकसारख्या नोटांची बंडलं निघाली तर ती इतर रकमेत मिसळण्याआधी वेगळी नोंदवा. मोजणी नेहमी किमान दोघांनी करावी आणि नोंदीवर तिथल्या तिथं सह्या घ्याव्यात.

आता छप्पर. त्या वेळी तुम्हाला माहीत नव्हतं, वाजवी चौकशीत कळलंही नसतं, तेव्हा दोष नाही. पण आता माहीत आहे. छप्पर उतरवायचं नाही. त्या देणगीची पावती, बँकेची नोंद आणि खर्चाची बिलं एका फाइलमध्ये लावा, आणि तेवढ्या रकमेची तरतूद दरवर्षी थोडी थोडी वेगळी ठेवायला सुरुवात करा. चार-पाच वर्षांत ती पुरी होईल असा हप्ता धरा. मागणी आली तर न्यायालयानं किंवा सरकारनं नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडेच भरायची. ओळखीच्या चार ठेवीदारांना परस्पर वाटायची नाही, कारण त्यात बाकीच्यांचा वाटा जातो. छपराखाली त्यांच्या नावाचा फलक असेल तर त्याबद्दलही ठराव करून निर्णय घ्या; रात्रीत गायब करू नका.

जुनी देणगी अशी अंगावर येते तेव्हा संस्था ‘तेव्हाचं तेव्हा’ म्हणून मोकळ्या होऊ पाहतात. स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं १८४४ च्या सुमारास अमेरिकेतल्या गुलाममालक असलेल्या मंडळींकडून सुमारे ३,००० पौंड घेतले. १८४६ मध्ये स्वतः गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस स्कॉटलंडभर ‘पैसे परत पाठवा’ म्हणत सभा घेत फिरले. पैसे परत गेले नाहीत. आज त्या चर्चच्या त्या काळातल्या कामापेक्षा ही घोषणाच जास्त लोकांना माहीत आहे. याच्या उलट, चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळानं १७०४ साली स्थापन झालेल्या निधीचे गुलामांच्या व्यापाराशी असलेले धागे स्वतः शोधून काढले आणि २०२३ मध्ये १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. तिथं ज्यांचं देणं होतं ते तीनशे वर्षांमागचे. तुमचे कदाचित पुढच्या गल्लीत राहत असतील.

पुढच्या वेळेसाठी एक पानाचं देणगी धोरण करा आणि देणगीदार समोर नसताना करा. माणूस डोळ्यांसमोर असला की नियम त्याच्या मापानं बेतला जातो. आकडे तुमच्या आवाक्यानुसार ठरवा. आम्ही सुचवू ते असे : वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून मोठी कुठलीही एक देणगी पूर्ण मंडळापुढे. २० टक्क्यांहून मोठी असेल तर स्रोताचं लेखी निवेदन आणि तीस दिवसांची मुदत, मग देणगीदार कितीही आदरणीय असो. चौकशी सगळ्यांनाच लागू असली की कुणाचा अपमान होत नाही. नाव द्यायचं तर दहा-पंधरा वर्षांसाठी, आणि संस्थेच्या लौकिकाला बाधा आल्यास ते काढण्याचा अधिकार करारातच. शिवाय मोठी वास्तू घेताना तिच्या दरवर्षीच्या देखभालीचा पैसा कुठून येणार हे लिहा. ते न लिहिल्यामुळेच संस्था पुन्हा त्याच देणगीदाराच्या दारात जाऊन उभ्या राहतात.

देणगी कोणी मागितली, याचीही नोंद ठेवा. १९०५ साली बोस्टनच्या एका मिशन मंडळानं तेलसम्राट रॉकफेलर यांचे १,००,००० डॉलर घेतले, तेव्हा वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकानं कडाडून विरोध केला. मंडळाचा बचाव आपण होऊन आलेल्या दानाला नाही कसं म्हणायचं, असा होता. मग उघड झालं की मंडळानंच ते मागितले होते. त्या बचावात राम उरला नाही.

कायद्याचे साधे आकडे, भारतात असाल तर : एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा अधिक रोख घेता येत नाही, देणगी म्हणूनसुद्धा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. परदेशी देणगी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घ्यायचीच नाही. निव्वळ धार्मिक न्यासाला निनावी देणग्यांवरच्या ३० टक्के करातून सूट आहे. ही सूट भाविकांच्या पेटीसाठी आहे. ओळखीच्या माणसाला ‘निनावी’ करून घेण्यासाठी ती वापरली की पुढचं सगळं कोसळतं.

राहिला राजीनामा. लगेच देऊ नका. सातांतला विचारणारा एक गेला की उरलेल्या सहांचं काम सोपं होतं. बहुमतानं घ्यायचं ठरलं तर तुमचा विरोध कारणांसह इतिवृत्तात लिहून घ्या, आणि इतिवृत्त कायम होताना तो तसाच आहे ना ते वाचून पाहा. वगळला असेल तर त्याच दिवशी अध्यक्षांना पत्र देऊन पोच घ्या. पावतीवर सही करायला नकार द्या आणि लेखापरीक्षकांना लेखी कळवा. पावतीवर खजिनदाराचीच सही हवी असं संस्थेच्या घटनेत असेल, तर खजिनदारपद सोडा, विश्वस्तपद ठेवा. त्यानंतरही देणगी घेतली गेली आणि तुमचं म्हणणं दडपलं गेलं, तर विश्वस्तपदही सोडा. सोडताना पावतीपुस्तकं, बँकेची कागदपत्रं, चाव्या आणि त्या दिवशीची शिल्लक यांची यादी करून दोन प्रतींवर सह्या घ्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण नोटीस आली तर ती त्या काळातल्या सगळ्या विश्वस्तांना येते, गेलेल्यांनाही.